पहिल्या आधणाची ढेप

होळीच्या दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं आणि म्हाळूनं ओसरीवर घोंगडं अंथरायला सांगितलं, तेव्हाच चांगुणानं ओळखलं की आता घरात कोर्ट भरणार. दौंडचं कोर्ट उद्या होतं. त्याआधी वडगाव रासाईचं हे घरचं कोर्ट भरल्याशिवाय तिच्या नवऱ्याला चैन पडणार नव्हतं. पौषात दावा लावल्यापासून हा माणूस दुसरं काही बोलतच नव्हता. ताटावर बसला की दावा, म्हशीखाली बसला की दावा. कांद्याच्या पाण्याची पाळी चुकली तरी त्यानं हूं की चूं केलं नव्हतं, आणि एरवी हाच माणूस पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी हातघाईवर यायचा.

घोंगड्यावर तिघं बसले. मधे म्हाळू, एका अंगाला त्याचा धाकटा भाऊ बन्सी, समोर थोरला मुलगा जालिंदर. जालिंदर पिंपरीला कंपनीत होता. बापाच्या तारखेसाठी रजा टाकून आला होता, आणि येताना पुठ्ठ्याची फाईल, रेघांचे कागद आणि कुणाकडून तरी मागून आणलेला शाईचा पॅड घेऊन आला होता. मुलगा शिकला याचा चांगुणाला केवढा अभिमान. पण घरात पाय ठेवल्यापासून तो बापाशीसुद्धा सुपरवायझरच्या तोऱ्यात बोलत होता, ते काही तिला रुचलं नव्हतं. ती चौकटीला टेकून हरभऱ्याची डाळ निवडत बसली. डाळ सकाळीच निवडून झाली होती.

दावा कशाचा, तर काहिलीचा. गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची लोखंडी काहील. तिच्या सासऱ्यांनी, भिमाजी आबांनी, हौसेनं घेतलेली. चार माणसं आत बसतील एवढी मोठी. हंगाम नसला की ती छपरात पालथी पडून असायची, आणि भीमेला पाणी असलं की कुणीतरी मागून न्यायचं. नाव नसली तर काहील पाण्यात सोडून पलीकडं जायचं, ही नदीकाठची जुनीच रीत. भादव्यात नदीपलीकडच्या राहू गावाहून दाजी आले, म्हणजे म्हाळूच्या बहिणीचे, सोजरबाईचे मालक चांगदेव. नाव दुरुस्तीला काढलेली आणि खताची पोती पलीकडं न्यायची खोळंबलेली. म्हाळूनं स्वतः हात लावून काहील पाण्यात ढकलली होती. दसऱ्यानंतर ती परत आली. मार्गशीर्षात गुऱ्हाळाच्या चुलाणावर चढली, आणि पहिल्याच आधणाला, रसाची पहिलीच काहील उकळताना, तळाचा सांधा उकलला. रस जाळात गेला, उरला तो करपला. म्हाळूनं राहूला निरोप धाडला. त्यावर चांगदेवानं हॉटेलात चारचौघांत म्हणून टाकलं, की मेव्हण्यानं फुटकं भांडं दिलं आणि आता नवं मागतोय.

दिवस मावळायच्या आत ते वाक्य नदी ओलांडून आलं. तिथून पुढं भरपाई किती हा प्रश्नच उरला नाही. भिमाजीच्या पोरानं फुटकं भांडं दिलं नव्हतं, एवढं म्हाळूला त्या बाजूच्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. ते कुणी म्हणेना, म्हणून तो कोर्टाची पायरी चढला.

"यादी वाचतो," जालिंदर म्हणाला. "एक, काहील घेतल्याची पावती. दोन, फोटो. तीन, करपलेल्या गुळाचा नमुना. आपण कोर्टात जे जे देणार, ते समोरच्या पार्टीला आधी दिलं पाहिजे. पावतीची नक्कल त्यांच्या वकिलाला पोचली. आता गुळाची पोच. काका, पोच द्या."

बन्सी पायाच्या अंगठ्याशी चाळा करत बसला.

वकिलांनी हा नियम सांगितला तेव्हा चांगुणा दौंडला हजर होती. म्हाळूला तो बिलकूल पटला नव्हता. "म्हंजी आपलं हत्यार आपणच त्येंच्या हातात द्याचं?" असं त्यानं विचारलं होतं. वकील शांतपणे म्हणाले होते, "हत्यार नव्हे, पुरावा. त्यांना पाहू द्या, तपासू द्या, त्यांचं म्हणणं मांडू द्या. ऐनवेळी पिशवीतून काढलेल्या वस्तूकडं साहेब बघणारसुद्धा नाहीत." मग गुळाचं कसं करायचं तेही त्यांनीच सांगितलं. पहिल्या आधणाची एक ढेप म्हाळूनं मुद्दाम ठेवली होती. तिचे चार माणसांसमोर दोन भाग करा, एक कोर्टासाठी शिवून ठेवा, दुसरा त्यांच्या घरी पोचवा आणि मिळाल्याचा अंगठा घ्या.

तसंच केलं होतं. गूळ रांधणाऱ्या ज्ञानू गुळव्यासह चार जणांसमोर ढेप फोडली. अर्धी बारदानात शिवून वर लाखेचा ठिपका दिला. उरलेली अर्धी म्हाळूनं चांगुणाच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "बांध आन् बन्सीजवळ दे."

तिनं बांधली. घोटाळा तिथंच झाला होता.

सोजराचं लग्न झालं त्या सालापासून पहिल्या आधणाची ढेप नदीपलीकडं जायची. आबांनी घालून दिलेला रिवाज. आबा गेले तरी तो मोडला नव्हता, अगदी दुष्काळातसुद्धा, ऊस होता-नव्हता तेव्हाही, मुठीएवढी ढेप गेली होती. आणि दरसाल ती बांधायची चांगुणानं. ट्रंकेतून नवा खण काढायचा, ढेपेला हळदकुंकू लावायचं, खणाची गाठ मारायची. हातांना ते इतकं सवयीचं झालेलं, की त्या दिवशी तिच्या डोक्यात म्हशीचं वासरू होतं आणि हात आपले आपण ट्रंकेकडं गेले. बन्सीची नाव नदीच्या मध्यावर गेली तेव्हा तिच्या ध्यानात आलं. मग तिनं स्वतःची समजूत घातली, की फडकं ते फडकं, कोर्ट काय फडकं बघतंय. तेव्हापासून रोज ती हीच समजूत घालत होती आणि रोज ती कमी पडत होती.

"काका, पोच," जालिंदर पुन्हा म्हणाला.

"न्हाई घेतली," बन्सी म्हणाला.

"न्हाई घेतली म्हंजी? मागच्या खेपेला पॅड दिला हुता ना मी?"

"दिला हुता. खिशातच ऱ्हायला." बन्सीनं थोरल्या भावाकडं बघायचं टाळलं. "दाजी खुटबावला गेलते. ताई दारातच हुती. गाठोडं हातात घेतलं, खण बघितला आन् तिथंच उंबऱ्यावर बसून रडाय लागली. म्हणली, दादानं धाडला. दादा इसारला न्हाई. आता त्यावर मी काय म्हणू, की आंगठा दे?"

"खण?" म्हाळूची मान सावकाश चौकटीकडं वळली. "कंचा खण?"

चांगुणानं सूप खाली ठेवलं. "मीच बांधला. हळदकुंकू बी लावलं. हाताची सवय, आवं. मुद्दाम न्हाई केलं."

म्हाळू तिच्यावर ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता बघत राहिला. जालिंदरनं मात्र कपाळावर हात मारून घेतला. "घ्या. समोरच्या पार्टीला पुराव्याबरोबर ओटी धाडली आपण. आन् काका, तुमी हे आज सांगताय."

"तू गेला असतास तर सांगितलं असतंस तिला?" बन्सी एकदम तडकला. आजवर तो भावाच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. दाव्याच्या कागदावर साक्षीदार म्हणूनही त्यानं मुकाट नाव दिलं होतं. "तुझ्या लहानपणी तुला पाठीवर बसवून नदी दावायची ती. तिच्या तोंडावर तू म्हणला असतास, का हा गूळ तुझ्या नवऱ्याच्या विरोधात हाय?"

"म्हणलो असतो. केस हाय ती."

"पुरं," म्हाळू म्हणाला. "फोटू काढ."

फोटो दोन होते. शिरूरच्या फोटोवाल्याला मुद्दाम बोलावून काढून घेतलेले. एकात काहिलीचा उकललेला सांधा लख्ख दिसत होता. दुसऱ्यात तोच सांधा, पण त्याला लागून आबांच्या काळात मारलेलं लोखंडी ठिगळही दिसत होतं. जालिंदरनं पहिला फाईलवर ठेवला आणि दुसरा उलटा करून बापाच्या गुडघ्यापाशी सरकवला.

"हा द्याचा न्हाई," तो म्हणाला. "ना कोर्टाला, ना त्यांना. काढलाच न्हाई असं धरायचं."

"ठिगळ तर हुतंच की," चांगुणाच्या तोंडून निघून गेलं.

"हुतं. पर गळत न्हवतं," म्हाळू म्हणाला. "किती हंगाम गूळ काढला त्याच्यावर."

"मग तसंच सांगा."

"आई, साहेब फोटोत ठिगळ बघतील," जालिंदर म्हणाला. "गळत हुतं का न्हाई, ते फोटोत दिसत न्हाई. आत्याचे मालक फुटकं म्हणतात, आन् आपण त्यांच्या हातात ठिगळ द्यायचं?"

 पोरगं म्हणत होतं ते खोटं नव्हतं. बन्सी काही म्हणेल म्हणून चांगुणानं वाट पाहिली, पण त्याचा सगळा जोर मघाशीच संपला होता. म्हाळूनं फोटो उचलला, बराच वेळ धरला आणि घोंगड्याच्या घडीखाली सारला. आयुष्यात कधी मापात हात न मारलेला हा माणूस, आणि आज आपल्या बापाचं ठिगळ झाकत होता. तिला त्याचा राग आला नाही. वाईट वाटलं, आणि ते रागापेक्षा जड गेलं.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. "वैनी, हायसा का घरात?"

सोजरबाई. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेला पितळी डबा, पायाला नदीचा ओला गाळ. जालिंदरनं घाईघाईनं फाईल मिटली. म्हाळू उठून उभा राहिला आणि मग, कशाला उठलो हे न कळून, पुन्हा बसला. दावा लागल्यापासून तिचं पाऊल या अंगणात पडलं नव्हतं.

"या, वन्सं," चांगुणा म्हणाली. तिनं पाय धुवायला पाणी दिलं.

सोजरबाई घोंगड्याच्या कडेला टेकली. "बसत न्हाई लई. नाव परत जायची हाय. उद्या, दादा, तू आन् हे दौंडला जाणार, तिथं कोण काय बोलंल आन् काय न्हाई. म्हणलं त्याच्या आदी होळीची पोळी पोचती करावी." तिनं डबा उघडला. पुरणपोळ्यांचा वास ओसरीभर झाला, आणि त्या वासात धुराची एक बारीकशी झाक होती, जी या घरातल्या प्रत्येकाला ओळखीची होती.

कुणी हात पुढं करेना. तिनंच एक पोळी काढून थोरल्या भावाच्या हातावर ठेवली. "खा की, दादा. जरा करपट लागंल. ह्यांनी बी तेच म्हणलं. मी म्हणलं, म्हायेरचा गूळ हाय, गप खावा. दोन खाल्ल्या त्येंनी." ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "खरं सांगू का, हंगाम सुरू झाला, महिना गेला, ढेप आली न्हाई. मी म्हणलं, तुटलं. माझं म्हायेर आता आबांसंगच गेलं. आन् मग बन्सी आला. पयलं आधण जळालं हे अख्ख्या राहूला ठावं हाय. तरी त्यातलीच ढेप धाडलीस. चांगल्या आधणाची धाडता आली असती तुला. पर पयलं ते सोजराचं, जळालं तरी सोजराचं. मी लई रडले बग त्या दिशी."

म्हाळूनं पोळीचा तुकडा तोंडात घातला होता. तो त्यानं तसाच गालात धरला.

"आत्या," जालिंदर म्हणाला.

"गप ऱ्हा," बन्सी म्हणाला.

"न्हाई काका. उद्या कोर्टात कळंल, त्यापरीस आत्ता कळलेलं बरं." आणि त्याचा आवाज, चांगुणाला वाटलं तेवढा कडक निघाला नाही. "आत्या, तो गूळ खायाला न्हवता. तो पुरावा हुता. निम्मा कोर्टाला, निम्मा तुमाला. तुमी बघावा, तपासावा म्हणून धाडलेला."

सोजरबाईला कळायला थोडा वेळ लागला. तिनं डब्याकडं पाहिलं, मग भावाच्या हातातल्या अर्ध्या पोळीकडं.

"आमी तर खाल्ला की तो," ती हळू म्हणाली. "पोरांनी बी खाल्ला. शेजारी वाटला." मग तिचा चेहरा एकदम घाबरला. "मग आता ह्यांच्यावर काय बालंट यील का? कोर्टाचा माल खाल्ला म्हणून?"

"न्हाई यायचं," बन्सी म्हणाला. "कोर्टाचा येगळा ठिवलाय."

"मग बरं." तिनं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, दोनदा लावावं लागलं. रडली नाही. रडली असती तर चांगुणा उठून तिच्याजवळ गेली असती. ज्याच्यासाठी बाईनं उंबऱ्यावर बसून अश्रू ढाळले, ते तिचं नव्हतंच, हे तिला भरल्या घरात सांगितलं गेलं होतं. आणि ते तिचं आहे असं भासवणारी गाठ चांगुणानं मारली होती.

म्हाळूनं तोंडातला घास गिळला. उरलेली पोळीही खाल्ली, सावकाश, एकेक तुकडा मोडून, शेवटचा कण संपेपर्यंत. मग हात धोतराला पुसला आणि घोंगड्याची घडी उचलली.

"सोजरे, हे घे."

"आण्णा," जालिंदर म्हणाला, "केस जाईल हातची."

"जाऊ दे." त्यानं फोटो बहिणीच्या मांडीवर ठेवला. "तुमाला दावायचा न्हाई असं ठरलं हुतं मघाशी. त्यात आबांचं ठिगळ दिसतंय. दाजींना दाव. त्येंना काय म्हणायचं ते उद्या म्हणू द्या. माझं म्हणणं एवढंच, का ठिगळ हुतं, पर गळत न्हवतं. आता ते कोण खरं मानंल न् कोण न्हाई."

सोजरबाईनं फोटो डोळ्यांजवळ नेला. आधी तिला तो उलटसुलट कळेना. मग तिचं बोट ठिगळावर थांबलं.

"हे व्हय," ती म्हणाली. "हे तर माझ्या देखत मारलंय. लग्नाच्या आदल्या साली. लोहार गेल्यावर आबांनी काहील दगडांवर ठिवली, पाण्यानं भरली, आन् रातभर तशीच ऱ्हाऊ दिली. सकाळी मला म्हणले, सोजरे, तुजा हात बारीक हाय, खालनं घालून बग. मी बघितलं. कोरडं ठाण हुतं." तिनं मान वर केली. "गळत न्हवतं, दादा. तुजं दाजी उगाच फुटकं फुटकं म्हणत्यात."

 पौषापासून म्हाळू ज्या एका वाक्यासाठी धावत होता, ते त्याला नको त्या दिवशी, नको त्या तोंडून मिळालं होतं. त्याचा कोरडा हात घोंगड्यावर नुसताच फिरत राहिला.

"आत्या, हे उद्या कोर्टात सांगशील?" जालिंदरनं विचारलं. त्याला राहवलं नाही.

 नवऱ्याच्या विरोधात, भावाच्या बाजूनं, दौंडच्या कोर्टात उभी राहिलेली सोजरा चांगुणाच्या डोळ्यांसमोर आली, आणि तिथून परत राहूला कोणत्या दारानं जायचं हेही.

"तिला कोर्टात कुणी न्ह्याची न्हाई," म्हाळू म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण जालिंदरनं फाईल मागं ओढली.

"मी बी जायची न्हाई," सोजरबाई म्हणाली. "पर घरी सांगते. आज जेवाय बसले का फोटू म्होरं ठिवते आन् सांगते. ऐकत्यात का न्हाई, ते तुमी उद्या बगा." ती उठायला लागली आणि थांबली. "बन्सी, हे घेतल्याचं काय आंगठा-बिंगठा लागतो ना? मघाशी हा पॅड बघितला मी."

"ऱ्हाऊ दे, ताई."

"ऱ्हाऊ दे कसं? गुळाचा बी ऱ्हायलाच असंल. आण हिकडं." तिनं स्वतःच पॅड ओढला. जालिंदरनं मान खाली घालून दोन ओळी लिहिल्या, आणि तिनं दोन्हींखाली एकेक अंगठा उमटवला. मग शाई पदराला न पुसता हात तसाच धरून ती अंगणात उतरली.

नावेपर्यंत पोचवायला चांगुणा गेली. वाटेत धुळवडीच्या राखेनं पोरांची तोंडं अजून माखलेली होती, आणि वरच्या वस्तीकडून कुणाचं तरी गुऱ्हाळ चालू असल्याचा गोड धूर येत होता. पाण्याशी आल्यावर सोजरबाईनं अंगठा वाळूत घासला, भीमेत बुडवून धुतला. शाई पूर्ण गेली नाही.

नावाड्यानं हाक दिली. ती एक पाय नावेत ठेवून वळली.

"वैनी, एक इचारू? राग न्हाई ना यायचा?"

"इचारा की, वन्सं."

"तो खण." ती पाण्याकडं बघून बोलत होती. "आजून शिवला न्हाई मी. घडी घालून ठिवलाय. तो बी कोर्टाचा हाय का? परत द्यावा लागंल का?"

 चांगुणानं पुढं होऊन नणंदेचा तो शाईचा हात दोन्ही हातांत धरला.

"न्हाई, वन्सं," ती म्हणाली. "गूळ त्यांनी धाडला हुता. खण मी. तो तुमचा हाय. शिवा."